मसाला उद्योगासाठी बँकेला द्यायचा प्रोजेक्ट रिपोर्ट सोप्या पद्धतीने कसा लिहावा?

घरगुती मसाल्याचा व्यवसाय वाढवायचाय, बँकेने प्रोजेक्ट रिपोर्ट मागितलाय आणि नेटवरचे चाळीस पानी नमुने बघून डोकं चालेना असं तुम्ही लिहिलंय. ते नमुने आधी बाजूला ठेवा. मी आमच्या तालुक्यात बचतगटाच्या बायकांना हे कागद करायला मदत करतो, आणि सुरुवात नेहमी एक किलोच्या हिशोबापासून करायला लावतो.

समजा एक किलो मसाल्याला मिरची, धणे, खडा मसाला, तेल, पॅकिंग, लाईट सगळं धरून ३२० रुपये पडतात (देठ काढून मिरची वाळवली की वजन घटतं, ती घट यात धराच) आणि दुकानदाराला तुम्ही ४२० ने देता, म्हणजे किलोमागे १०० सुटले. आता महिन्याचा ठरलेला खर्च, भाडं ८,०००, दोन बायकांचा पगार २०,०००, बँकेचा हप्ता १०,०००, टेम्पो वगैरे २,०००, झाले ४०,०००. म्हणजे ४०० किलो विकले तर कुठे ना नफा ना तोटा, पंचवीस दिवस काम धरलं तर रोज १६ किलो. आकडे तुमचे टाका, पण हा रोजचा आकडा निघाल्याशिवाय पुढचं एक पान लिहू नका, कारण तो निघाला की लगेच कळतं विचारायचं काय, रोज १६ किलो घेणार कोण? दुकानं, मेस, हॉटेलं, प्रत्येकाकडे स्वतः जाऊन विचारा आणि कोण महिन्याला किती घेईल ते नावानिशी लिहा. मार्केटचं पान म्हणजे हेच. देशात मसाल्याची बाजारपेठ किती कोटींची आहे याने तुमचा हप्ता फिटणार नाही.

दुसरं, खेळतं भांडवल, म्हणजे माल भरायला आणि उधारी सांभाळायला लागणारा पैसा. बरेच जण फक्त पल्व्हरायझर (मसाला दळायचं मशीन) आणि पॅकिंग मशीनचा खर्च लिहितात आणि मग मशीन येऊन पडतं पण मिरची भरायला पैसे नसतात, याचं मला फार वाईट वाटतं कारण हे कागदावर आधीच दिसू शकतं. एक महिन्याचा माल घरात आणि एक महिन्याची उधारी दुकानदारांकडे धरली तरी ८०० किलोचे अडीच लाखाच्या वर अडकले. शिवाय नवी मिरची येते त्या दिवसांत साठा करायचा असेल तर अजून जास्त. ही रक्कम वेगळी दाखवून मागा.

सबसिडीचं पण नीट समजून घ्या. पीएमईजीपी (नव्या उद्योगासाठीची केंद्राची योजना) असो की पीएमएफएमई (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची), सबसिडी तुमच्या हातात येत नाही, बँकेत तीन वर्षं वेगळी ठेवतात आणि खातं नियमित असेल तर कर्जातून वजा होते. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या जमेत ती धरू नका. स्वतःचे पाच-दहा टक्के मात्र आधी तयार हवेत, पीएमएफएमईला दहा.

एवढं दोन पानांत झालं की ते सीएकडे न्या, नफातोटा, ताळेबंद, डीएससीआरचे (कमाईतून हप्ता फिटतो का ते दाखवणारे) तक्ते तो याच आकड्यांवरून बसवेल, आणि मॅनेजरने काही विचारलं तर उत्तर तुम्हाला देता येईल. मशीनचं कोटेशन जीएसटी नंबर असलेल्या डीलरकडूनच घ्या, बँक पैसे सहसा थेट त्याच्या खात्यात टाकते. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.