मालिका लागली की ओवी सुटते

प्रश्न : वय ६९. शेजारच्या खोलीत मालिका चालू असली की पोथीतली ओळ सुटते, एकच ओवी तीन-तीनदा वाचते. विसरभोळेपणाची सुरुवात तर नाही ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, एवढ्यावरून घाबरू नका. वयानुसार लक्ष लावण्यापेक्षा नको ते बाजूला सारणं जड जातं. लिन हॅशर आणि रोझ झॅक्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये हेच मांडलं. त्यातून मालिकेतले शब्द थेट ओवीत घुसतात, पंख्याची घरघर तशी घुसत नाही. माझी आई पंच्याहत्तरीत तांदूळ निवडताना रेडिओ बंद करायची; मग एक खडा सुटायचा नाही. पोथी पहाटे वाचा, ओळीवर बोट ठेवून. मात्र रोजची वाट चुकू लागली, तर डॉक्टरांकडे जाच.