कार्यकर्त्यांच्या ग्रुपमधलं सगळं बाहेर जातंय, सिग्नलवर जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2024 च्या विधानसभेच्या निकालापासून तालुक्याच्या ग्रुपवर ईव्हीएमवरून रोज रात्री वाद होतात, त्याचे स्क्रीनशॉट सकाळपर्यंत समोरच्या गटाकडे असतात, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप सोडून सगळ्यांनी सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपवर जायचं का?

जा की, चांगलं अ‍ॅप आहे. पण गळती त्याने थांबायची नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज 2016 पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद (एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणाला वाचता न येणारे) असतात आणि त्यासाठी वापरलेली पद्धत सिग्नलचीच आहे. मधल्या मध्ये कुणी तुमचे मेसेज वाचत नाहीये. बहुधा ग्रुपमधलाच कुणीतरी पुढे पाठवतोय, आणि दोन-अडीचशे माणसांच्या ग्रुपमध्ये तो सापडणं कठीण. उमेदवारी न मिळालेले, काठावर बसलेले, कुणाचा तरी मेहुणा म्हणून घेतलेले असे सगळेच त्यात असतात. हीच मंडळी उद्या सिग्नलवर आली तर स्क्रीनशॉट सिग्नलचे फिरतील, एवढाच फरक.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. आमच्याकडे असंच चाललं होतं आणि सगळे एकमेकांकडे संशयाने बघत होते. शेवटी एकेकाचा फोन हातात घेऊन व्हॉट्सअ‍ॅपमधलं ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडलं. एका बूथप्रमुखाच्या फोनवर ‘गूगल क्रोम, विंडोज’ दिसलं, खाली ‘अ‍ॅक्टिव्ह’. गड्याच्या घरी कॉम्प्युटरच नाही! प्रचारात मतदार याद्यांच्या प्रिंट काढायला कार्यालयातल्या मशीनवर त्याने व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं होतं. प्रचार संपला, भाड्याचं कॉम्प्युटर परत गेलं, लॉगिन तसंच राहिलं. फितूर वगैरे कुणी नव्हता. प्रचारासाठी वाटलेल्या सिमकार्डांचंही तेच. सिम ज्याच्या नावावर आहे तो ते उद्या बंद करून पुन्हा काढू शकतो, आणि ओटीपी त्याच्या हातात पडतो. म्हणून स्वतःच्या नावावरचा नंबर वापरा, टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा (जन्मतारीख नको), आणि गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप एकतर बंद करा नाहीतर सेटिंगमध्ये जाऊन एन्क्रिप्ट करा. तो आपोआप कुलूपबंद होत नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं.

टेलिग्राम सुरक्षित असल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते विसरा. तिथले ग्रुप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात, फक्त दोघांमधली ‘सीक्रेट चॅट’ असते. सिग्नलचं खरं बलस्थान वेगळं आहे: ते तुमच्याबद्दल जवळपास काही साठवतच नाही. 2016 मध्ये अमेरिकेत कोर्टाच्या आदेशावरून माहिती मागितली गेली तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. 2024 पासून तिथे नंबर लपवून नुसत्या युजरनेमवर बोलता येतं. मेसेज ठरावीक वेळाने आपोआप पुसले जाण्याची सोयही आहे. मग सिग्नलवर कोण हवं? पाच-सात जण, ज्यांच्या घरी तुम्ही विचार न करता फोन विसरून याल असे. मोठा ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवरच राहू द्या आणि तिथे लिहिलेलं उद्या चौकात वाचलं जाणार असं धरूनच लिहा.

आता जरा कडू बोलतो. तुमच्या ग्रुपवरच्या बहुतेक गोष्टी गुप्त ठेवण्यासारख्या आहेत का? माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीचं बघा. गावात पडलेल्या मतांचा आकडा लोकांना पटला नाही, तर त्यांनी 3 डिसेंबर 2024 ला मतपत्रिकेवर मतदान घेऊन बघायचं ठरवलं, तेही प्रशासनाला आधी कळवून, उघडपणे. जमावबंदी लागली, मतदान थांबलं, गुन्हेही दाखल झाले. पण गावाचं नाव देशभर गेलं ते सगळं उजेडात केलं म्हणूनच. तोच बेत गुपचूप शिजला असता तर कट म्हणून त्याची वासलात लावणं सोपं गेलं असतं.

आणि ईव्हीएमवरचा वाद रात्री एकपर्यंत ग्रुपवर घालून हाती काय लागतं? सुप्रीम कोर्टाच्या एप्रिल 2024 च्या निकालानुसार दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मतदारसंघातल्या पाच टक्के मशीनची तपासणी मागता येते, पण निकालानंतर सात दिवसांच्या आत, लेखी. हायकोर्टात निवडणूक याचिकेला 45 दिवस. मतदान संपल्यावर पोलिंग एजंटला मिळणारी 17-सी ची (बूथवर किती मतं पडली ते लिहिलेल्या फॉर्मची) प्रत जपून ठेवली असेल तर मतमोजणीशी ताळा करता येतो. पुढच्या वेळी त्या प्रतींचे फोटो त्याच रात्री एका जागी जमा करा. त्यात लपवण्यासारखं काहीच नाही.

लपवायचं ते वेगळंच असतं: तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव, साक्षीदाराचा पत्ता, कोण कुठे मुक्कामाला आहे. हे छोट्या ग्रुपवर, किंवा त्याहून बरं, समोरासमोर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. कारण फोनच कुणाच्या ताब्यात गेला तर कुठलंही अ‍ॅप वाचवत नाही. 2019 मध्ये पेगासस हे फोनमध्ये घुसून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर ज्या सुमारे 1,400 फोनवर सोडल्याचं व्हॉट्सअ‍ॅपने सांगितलं, त्यांत भीमा-कोरेगाव खटल्याशी संबंधित नागपूरचे वकीलही होते. तुमच्या-माझ्यावर एवढा खर्च कुणी करणार नाही. आपल्याकडे ‘लग्नपत्रिका’ नावाची एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये अ‍ॅप घालणारी) येते आणि अध्यक्षच ती आधी उघडतात. फोन, अ‍ॅप वेळेवर अपडेट ठेवा, .एपीके दिसलं की हात लावू नका.

तुम्ही अ‍ॅडमिन आहात म्हणून घाबरलेले दिसता. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केलंय की समान हेतू किंवा आधी ठरवून केल्याचं नसेल तर सदस्याच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. मात्र पोलिसांची नोटीस हातात पडल्यावर काहीही पुसू नका, पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा लागेल. आपोआप पुसण्याची मुदत लावायची तर ती आज, सगळं शांत असताना लावा. आणि वकिलाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, फोन जप्त झाला की त्यातले नंबरही जातात.