विषाणूचा वाण आणि 'दाद न देणे'

आरोग्यविषयक मजकुराचं भाषांतर करणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं आहे : एकाच विषाणूचे वेगवेगळे स्ट्रेन जंतुनाशकाला कमीअधिक रेझिस्टन्स दाखवतात, हे मराठीत कसं लिहायचं? 'प्रजातींची प्रतिकारशक्ती' चालेल का?

प्रजाती नको, ती फार वरची पायरी झाली. 'स्ट्रेन'साठी आपल्याकडे वाण हा शब्द तयार आहे. मालदांडी हा ज्वारीचा वाण. ज्वारी ती ज्वारीच, पण दाणा वेगळा, कडबा वेगळा. पोलिओच्या विषाणूचे प्रकार तीन. त्यातल्या पहिल्या प्रकारात महोनी नावाचा एक वाण आहे, आणि त्याच्यापासूनच प्रयोगशाळेत तयार केलेला, सेबिन या शास्त्रज्ञाच्या, तोंडावाटे द्यायच्या लशीतला दुसरा. प्रकार एकच, पण पहिला लुळेपणा आणू शकतो आणि दुसरा त्यापासून वाचवायला पाजतात. तेव्हा 'प्रकार' आणि 'वाण' यांची सरमिसळ करू नये. (संक्रांतीला लुटतात ते वाण वेगळं; आपला हा 'तो वाण'. 'वाण नाही पण गुण लागला' या म्हणीतला वाण म्हणजे वर्ण, रंग.)

'प्रतिकारशक्ती'ला माझा जास्त विरोध आहे. हा शब्द आपण शरीराच्या ताकदीसाठी पक्का केलाय. शिवाय प्रतिकार म्हणजे काहीतरी करणं आलं. पेशीबाहेरचा विषाणू काहीच करत नाही. खात नाही, वाढत नाही. त्याचं प्रथिनांचं कवच आणि आतलं जनुकीय द्रव्य शाबूत आहे तोवर तो टिकतो. हा चिवटपणा आहे. क्रियापद हवं असेल तर 'दाद न देणे'. औषधांना दाद न देणारा क्षयरोग असं आपण लिहितोच.

शब्द चुकला की अर्थही कसा घसरतो बघा. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पोलिओच्या विषाणूला क्लोरिनची अपुरी मात्रा दिली, जे वाचले ते पेशींमध्ये वाढवले, पुन्हा क्लोरिन दिलं. अशा फेऱ्यांनंतर हाती आलेले विषाणू मूळच्यांपेक्षा क्लोरिनला कमी दाद देत होते. इथे 'विषाणूची प्रतिकारशक्ती वाढली' असं लिहिलं, तर एकेक विषाणू क्लोरिन पचवायला शिकला असं वाटतं. खरं तर चिवट होते ते मागे उरले आणि त्यांचीच पैदास झाली. बियाणं निवडून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

सॅनिटायझरने करोनाचा विषाणू जातो आणि नोरोव्हायरस सहजी जात नाही, हे उदाहरण मात्र इथे देऊ नका. करोनाला चरबीचं आवरण असतं, नोरोला नसतं. ती दोन वेगळ्या कुळांची तुलना आहे, वाणांची नव्हे.

आणखी एक. 'निर्जंतुक पाणी' जपून लिहा. गावच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडिन या तपासणीच्या द्रावणाचे, थेंब घालतात. पाणी पिवळसर झालं की क्लोरिन शिल्लक आहे एवढंच कळतं, कुठला वाण तगला ते नाही. तिथे 'क्लोरिन घातलेलं पाणी' हेच बरोबर.

मैत्रिणीचं वाक्य मी असं लिहीन : 'एकाच विषाणूचे काही वाण जंतुनाशकाला लगेच दाद देतात, काही चिवट निघतात.'