बीजगणित अडलंय? आधी अपूर्णांक बघा

"सातवीपर्यंत बरी होती मॅडम. आठवीत बीजगणित वाढलं आणि गणितात नापासच झाली. कॉलेज रोडला मोठा क्लास लावू का?" सिडकोतले एक आईवडील मुलीला घेऊन आले होते. हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, म्हणून हा अनुभव ओळख पटणार नाही अशा बेताने लिहिते आहे.

मी तिला आधी सोपी समीकरणं दिली. एक्स + ७ = १२ तिने पटकन सोडवलं. मग दिलं एक्स/२ + एक्स/४ = ९. तिने वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले आणि लिहिलं २एक्स/६. म्हणजे अडचण बीजगणितात नव्हतीच. १/२ + १/४ चं उत्तरही तिने २/६ काढलं. "अर्ध्यात पाव मिळवल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसं येईल गं?" ती गप्प. वडील मात्र न राहवून म्हणाले, "पाऊण!"

ते फर्निचरचं काम करतात. थोड्या वेळापूर्वीच म्हणाले होते, "आमच्या घरात गणित कुणालाच येत नाही." मी त्यांनाच समजावायला सांगितलं. त्यांनी खिशातला टेप काढला. इंचाचे आठ सूत. अर्धा इंच म्हणजे चार सूत, पाव म्हणजे दोन. मिळून सहा सूत, म्हणजे ६/८, म्हणजेच ३/४. पोरीने टेपवर बोट ठेवून रेघा स्वतः मोजल्या. दोन्ही मापं सुतात आणल्याशिवाय बेरीज होत नाही, हाच समच्छेद. शाळेत लसावि काढायची रीत तिला पाठ होती. ती कशासाठी, हे तिला कधी कळलंच नव्हतं.

मग त्याच समीकरणाला दोन्ही बाजूंनी ४ ने गुणलं: २एक्स + एक्स = ३६, एक्स = १२. ताळा तिने आपणहून केला, ६ + ३ = ९.

क्लास तूर्त लावू नका, असं मी स्पष्ट सांगितलं. पाचवी-सहावीच्या पुस्तकांतले अपूर्णांक रोज थोडा वेळ, तेही वडिलांबरोबर. आकडेमोडीआधी तोंडी अंदाज: उत्तर एकपेक्षा मोठं येईल की लहान? सहामाहीत ती पास झाली. भूमिती अजून कच्ची आहे, पण तिथेही पाया हाच. दहावीच्या भूमितीचं पुस्तक समरूपतेने सुरू होतं आणि तिथे पानोपानी गुणोत्तरं आहेत.

प्रत्येक मुलाचं कारण हेच असेल असं नाही. मोठ्या वयातही घड्याळ वाचता येत नसेल, सुट्टे पैसे मोजताना गोंधळ होत असेल, अंक उलटसुलट होत असतील, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. रीतसर प्रमाणपत्र असेल तर राज्य मंडळाच्या परीक्षेत सवलती मिळतात. त्यासाठी दहावीची वाट न बघता आधीच शाळेत बोला.