संस्कृत घेतलेली लेक आणि जमिनीचा कायदा

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक संस्कृत घेऊन बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत वाडा तालुक्यातल्या भातशेतीच्या वाटणीचा विषय निघाला, तेव्हापासून ती सातबारा आणि जुने फेरफार घेऊन बसते. आत्याचं नाव मालकांत न लावता 'इतर हक्कां'च्या रकान्यात का टाकलं, असं तिने काकांना विचारलं आणि सगळे गप्प झाले. आता तिला वकील होऊन वारसा-मिळकतीच्या कायद्याचाच अभ्यास करायचाय. घरचे म्हणतात, संस्कृतचा आणि कोर्टाचा काय संबंध? वर्षं फुकट जातील.

तिला पांडुरंग वामन काणे यांच्याबद्दल सांगा. जन्म 1880 चा, बालपण दापोलीत, वडील तिथेच वकील. संस्कृतमध्ये एमए करून काणे रत्नागिरीच्या सरकारी शाळेत मास्तर झाले. नोकरी सांभाळून 1908 ला एलएलबी, 1911 पासून मुंबई हायकोर्टात वकिली, 1912 ला एलएलएम. पुढे काही वर्षं सरकारी लॉ कॉलेजात शिकवलंही.

1926 मध्ये त्यांनी 'व्यवहारमयूख' टिपांसह संपादित केला. काशीच्या नीलकंठभट्टांचा हा सतराव्या शतकातला हिंदू कायद्यावरचा संस्कृत ग्रंथ. घराणं मूळचं आपल्या पैठणचं. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण, म्हणजे तुमचा मुलूख, इथल्या हिंदूंच्या वारसाहक्काचे खटले चालताना कोर्टं याच ग्रंथाचा आधार घेत. मूल न ठेवता गेलेल्या भावाची मिळकत वारसांच्या क्रमाने बहिणीपर्यंत कधी यावी? नीलकंठ तिला आजीच्या लगेच मागे बसवतात. कारण काय, तर 'गोत्रज' म्हणजे गोत्रात जन्मलेला, आणि बहीण भावाच्याच गोत्रात जन्मली की! लग्न होऊन गोत्र बदललं तरी जन्म बदलत नाही. एका शब्दाच्या फोडीवर बाईच्या नावावर जमीन चढली, आणि मुंबईच्या कोर्टांनी ते मानलं. तुमच्या लेकीला ही फोड मूळ संस्कृतात वाचता येईल. किती वकिलांना येते?

याच ग्रंथाला धर्मशास्त्राच्या इतिहासावर एक प्रस्तावना जोडावी, एवढाच काण्यांचा बेत होता. ती वाढत जाऊन 'धर्मशास्त्राचा इतिहास' हा वेगळा ग्रंथच झाली. पहिला खंड 1930 ला पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढला, शेवटचा आला 1962 मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. साडेसहा हजारांहून जास्त पानं! दायभाग (वारशाची वाटणी) आणि स्त्रीधन यांसाठी अभ्यासक आजही तिसरा खंड उघडतात. 1963 ला भारतरत्न मिळालं.

काण्यांचं घर मात्र पगारावर आणि वकिलीवर चाललं, हेही लेकीला सांगा. नुसत्या संशोधनावर पहिली काही वर्षं भागणार नाही, तशी आशा मी तुम्हाला लावणार नाही.

म्हणून बीए अर्धवट सोडू देऊ नका. तिसरं वर्ष पूर्ण करून सीईटीतून तीन वर्षांच्या एलएलबीला जाऊ दे. शिकतानाच दिवाणी दावे चालवणाऱ्या एखाद्या वकिलांकडे बसू दे. दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), वाटणीचा हुकूमनामा हातातून गेले की कायदा अंगी लागतो. नंतर एलएलएम आणि नेट, म्हणजे शिकवण्याची वाटही उघडी. मोडी लिपी मात्र आत्ताच शिकावी. पुराभिलेख संचालनालय तिचे वर्ग घेतं, आणि जुन्या जमिनीच्या कागदांत मोडी वाचणारा माणूस शोधावा लागतो.

आत्यांच्या नावाचं म्हणाल, तर आज मुलीचा हक्क 1956 चा वारसा कायदा आणि 2005 ची दुरुस्ती यांवरून ठरतो. महाराष्ट्राने तर 1994 लाच मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनच्या वाटेकरी, केलं होतं. आजोबा कधी गेले, वाटणी कधी झाली, हे पाहिल्याशिवाय मी मत देणार नाही. फेरफाराची नक्कल काढून जवळच्या दिवाणी वकिलांना दाखवा. जाताना लेकीला सोबत न्या, आणि आत्यांनाही.