बाम लावला नाही तर ओठ ओढतात!

प्रश्न : माझं वय २६. घर कोथरूडला, नोकरी हिंजवडीत. जाणं-येणं स्कूटीवर आणि दिवसभर एसी. कॉलेजात असताना थंडीत ओठ फुटायचे म्हणून पुदिन्याचा लिप बाम घेतला. आता एक पर्समध्ये, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एक उशीखाली असतो. तासाभरात लावला नाही तर ओठ ओढल्यासारखे होतात, चुरचुरतात. सालं निघतात, ती मी नखानं ओढून काढते. आई म्हणते, सगळं फेकून दे आणि तूप लाव. मैत्रीण म्हणते, बामनं ओठ आळशी होतात, स्वतःचं तेल तयार करणं सोडून देतात. मला हे कायमचं सोडायचंय आणि शक्यतो नैसर्गिक उपायच हवाय. काय करू?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी मैत्रिणीच्या म्हणण्याबद्दल, कारण ही समजूत मला ओपीडीत सतत ऐकायला मिळते. ओठ आळशी होत नाहीत. ओठांच्या लाल भागात घामाच्या ग्रंथी नसतात आणि तेलाच्या ग्रंथीही जवळजवळ नसतातच. जे तेल तिथे कधी तयारच होत नव्हतं, ते बंद कसं पडेल? गालाच्या त्वचेवर वरून मृत पेशींचा जेवढा जाड थर असतो, त्यामानानं ओठांवरचा थर फारच पातळ असतो. म्हणून तर आतलं रक्त दिसून ओठ लाल वाटतात. पाणी धरून ठेवायची सोय मुळात इतकी तुटपुंजी असल्यामुळे हवा कोरडी झाली की सगळ्यात आधी तक्रार करतात ते ओठच.

बाममध्ये व्यसन लावणारं कुठलंही द्रव्य नसतं, याबद्दलही निश्चिंत राहा. तुम्हाला सवय लागली आहे ती त्या गारव्याची. मेन्थॉल लागलं की त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं चेतवली जातात. ओठांचं तापमान खाली येत नाही, पण मेंदूला गार वाटतं. थोड्या वेळानं तो गारवा ओसरतो आणि ओठ पुन्हा उघडे पडल्यासारखे वाटतात. शिवाय मेन्थॉल, कापूर, पेपरमिंटचं आणि दालचिनीचं तेल हे सगळं फुटलेल्या ओठांवर बारीक आग करतं. आग झाली की ओठ कोरडे वाटतात, कोरडे वाटले की जीभ फिरते. लाळेतले पाचक रस त्या पातळ थराला त्रास देतात आणि लाळ सुकताना ओठातला ओलावाही जातो. मग हात पर्सकडे जातो. तुमचं जे चाललंय ते हेच आहे, आणि ते मोडता येतं.

असे ओठ घेऊन कुणी आलं, की मी आधी पर्समधल्या सगळ्या कांड्या आणि डब्या टेबलावर काढायला सांगते आणि भिंग घेऊन मागची बारीक छपाई वाचते. मग ओठांची कड पाहते. कडेवर बरंच काही लिहिलेलं असतं. लाली ओठांच्या रेषेच्या जरा बाहेर, बाम जिथवर फिरतो तिथवरच सरळ पट्टीसारखी असेल तर माझा पहिला संशय बामवर किंवा लिपस्टिकवर जातो. लालसर-काळसर कडं आणखी बाहेर, जीभ पोचते तिथपर्यंत गोल पसरलेलं असेल तर ते चाटण्याचं. आणि फक्त एकाच जागी मधोमध साल निघत असेल तर बहुतेक वेळा तिथे दात किंवा नख लागत असतं. तुम्हीही उद्या सकाळी खिडकीशी, उजेडात, आरसा घेऊन ही कड पाहा.

आता नैसर्गिक उपायांबद्दल. तुमच्यासारखी खूप माणसं हा शब्द मोठ्या विश्वासानं वापरतात, म्हणून मला इथे स्पष्ट बोलावंसं वाटतं. पेपरमिंट नैसर्गिकच आहे, दालचिनीही, लिंबूही. मधमाश्यांचं मेण आणि त्यासोबत येणारा प्रोपोलिस, म्हणजे मधमाश्यांचा चिकट डिंक, हाही निसर्गातलाच, आणि प्रोपोलिसची ॲलर्जी असलेले ओठ आम्ही त्वचारोगवाले नेहमी पाहतो. फुटलेल्या ओठांवर लिंबू-ग्लिसरीन किंवा लिंबू-साखर चोळू नका. लिंबू लावलेल्या जागेवर ऊन लागलं तर काळे डागही पडतात. साखरेचे दाणे नुकतं भरत आलेलं पुन्हा खरवडून काढतात. बेंबीत तेल घालून ओठ मऊ होतात असंही सांगतात. बेंबीतून ओठांकडे जाणारी कुठलीही वाट शरीरात नाही. त्यानं नुकसान काही होत नाही, पण ओठांना काही मिळतही नाही.

आईचं तूप मात्र चांगलं आहे. साजूक तुपात वरून घातलेला वास नाही, रंग नाही, आग करणारं काही नाही. अडचण दोनच. अंगाच्या उबेनं ते लगेच पातळ होऊन ओघळतं, आणि चवीला छान असल्यामुळे जीभ तिकडेच जाते. म्हणून तूप रात्री झोपताना.

दिवसासाठी माझी आवड भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. कोकणी मालाच्या दुकानांत पांढरट-पिवळसर गोळा मिळतो, कुणी त्याला मुठेल म्हणतात. आपल्या आज्या टाचा उलल्या की हाच गोळा दिव्याच्या वातीशी जरा धरून भेगेत भरायच्या. तो साधारण ३८ ते ४० अंशांना वितळतो, त्यामुळे पुण्याच्या उन्हाळ्यातही घट्ट राहतो आणि ओठांवर टिकतो. वापरताना गोळ्याचा कपचा स्वच्छ सुरीनं खरवडून घ्या, चमच्यात टाका, चमचा गरम पाण्याच्या वाटीत टेकवा. कडेनं पारदर्शक व्हायला लागला की उचला आणि बोटाच्या टोकानं ओठांवर टेकवत लावा, घासू नका. ताजा गोळा बघून घ्या. खवट वास आला तर परत द्या.

भिरंडेल मिळालं नाही किंवा हा खटाटोप जमला नाही, तर बिनवासाचं, बिनरंगाचं साधं व्हॅसलीन घ्या. ते खनिज तेलापासून बनतं म्हणून पुष्कळांना नको असतं, पण ओठातून उडून जाणारं पाणी अडवण्यात त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. रॉबर्ट चेसब्रो या रसायनशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या तेलविहिरींवरचे कामगार भाजल्या-कापल्यावर पंपाच्या दांड्याला साचणारं मेण लावताना पाहिलं, ते शुद्ध केलं आणि १८७२ मध्ये पेटंट घेतलं. इतक्या काळात त्याची ॲलर्जी अगदी विरळाच दिसली आहे. ज्यांच्या ओठांना दुसरं काही सोसत नाही त्यांना मी ते डोळे मिटून सांगते.

आता सोडायचं कसं? सगळं एकदम बंद करून ओठ कोरडे ठेवू नका. तशी शपथ घेणारे तिसऱ्या दिवशी रक्ताळलेल्या ओठांनी पुन्हा बामकडे वळतात. गारवा देणारे, वासाचे, चवीचे, ओठ फुगवणारे सगळे बाम घरातून आणि ऑफिसातून बाहेर काढा आणि त्यांच्या जागी एकच साधी गोष्ट ठेवा, भिरंडेल किंवा व्हॅसलीन. दात घासल्यावर, जेवल्यावर, स्कूटीवर बसण्याआधी आणि झोपताना लावा, आणि लावताना ओठ किंचित ओले असू द्या, म्हणजे तो ओलावा आत अडकतो. पहिले काही दिवस ‘काही लावल्यासारखं वाटतच नाही’ असं वाटेल. झणझणाट नाही म्हणून तसं वाटतं. मधेच हात पर्सकडे गेला तर पाण्याचा घोट घ्या, ओठ रुमालानं टिपा आणि वेळ झाल्याशिवाय लावू नका. दोन-तीन आठवड्यांत चुरचुर थांबते. मग दिवसातली एकेक वेळ कमी करत फक्त रात्रीची ठेवा.

सालं ओढायची नाहीत, यावर मी हटून बसते. साल ओढली की अजून न सुटलेली त्वचाही तिच्याबरोबर निघते आणि तिथे पुन्हा नवी साल धरते. कोमट पाण्यात भिजवलेला मऊ सुती कपडा पाच मिनिटं ओठांवर टेकवा, वरून व्हॅसलीन लावा. सुटायची ती आपसूक सुटेल. एखादी लोंबतच असेल तर स्वच्छ, लहान कात्रीनं कापा.

टूथपेस्टकडेही पाहा. तिच्यातला पुदिना आणि फेस करणारं सोडियम लॉरिल सल्फेट हे दोन्ही ओठांना सतावतात. दात घासण्याआधी ओठांवर व्हॅसलीनचा हात फिरवा आणि फेस ओठांवर राहू देऊ नका. स्कार्फ बांधता ते उत्तम, ऊन आणि वारा दोन्ही अडतात. पण तो सुती हवा आणि रोज धुतलेला हवा, कारण कर्वे रस्त्यावरची सगळी धूळ त्याच्यात बसलेली असते आणि दिवसभर ओठांवर घासते. मिसळीची तर्री, अननस, चिंचेचं पाणी थोडे दिवस जपून. मॅट लिपस्टिकही तोवर बाजूला.

आणि पुण्यात ओठ फक्त डिसेंबरातच फुटतात असं समजू नका. मार्च-एप्रिलच्या दुपारी इथली हवा इतकी कोरडी होते की माझ्याकडे तेव्हाही ओठांचे पेशंट भरपूर असतात. ओठ बरे झाल्यावर उन्हाळ्यात स्कूटीवर जाताना बिनवासाचा, एसपीएफ ३० असलेला बाम जरूर लावा. ओठांत मेलॅनिन कमी असल्यामुळे त्यांना उन्हापासून स्वतःचं संरक्षण जवळजवळ नाही. इथे बाम वापरणं म्हणजे सवय परत लागली असं मनात आणू नका. नवा बाम थेट ओठांना लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहा. खाज किंवा पुरळ आलं तर तो तुमचा नाही.

एवढं करूनही महिन्याभरात फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर चिकटपट्ट्या लावून दोन दिवसांनी काढतात आणि त्यानंतर पुन्हा एकदा पाहतात. नेमकी कशाची ॲलर्जी आहे ते बऱ्याचदा कळतं. तुम्ही मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेत असाल तर ओठ त्यामुळेच सुकत असतील, तेव्हा डॉक्टरांना तसं सांगा. गोळ्या मनानं बंद करू नका.

प्रश्न : माझा मुलगा दुसरीत आहे. दिवाळीपासून सतत ओठ चाटतो. तोंडाभोवती मिशीसारखं काळपट कडं आलंय. शाळेत मुलं चिडवतात. रागावून झालं, हातावर मारूनही झालं.
— एक आई, सहकारनगर

उत्तर : कृपा करून मारू नका. त्याला ते कळतही नाही. ओठ ओढले की जीभ बाहेर येते आणि चिडवलं की जास्तच येते. ते कडं लाळेनं झालेल्या इसबाचं आहे, चाटणं थांबलं की कमी होतं. काळपटपणा जायला मात्र काही महिने लागतील, तेवढा धीर धरा. व्हॅसलीनचा जाडसर थर ओठांवर आणि त्या संपूर्ण कड्यावर लावा. शाळेला निघताना, आल्यावर आणि तो झोपल्यावर, म्हणजे रात्रभर कुणी चाटत नाही. चवीचा, स्ट्रॉबेरीच्या वासाचा बाम मुलांना अजिबात देऊ नका, ते चाटण्याचं आमंत्रणच आहे. बाईंना चिठ्ठी पाठवून सांगा की त्याला तासाच्या मधे पाणी पिऊ द्या. नाक चोंदलेलं असतं का, तोंड उघडं टाकून झोपतो का, तेही पाहा. तसं असेल तर आधी नाकावर इलाज हवा. केमिस्टकडून आणलेली स्टेरॉइडची मलमं तोंडाभोवती लावू नका. त्यानं आठवडाभर बरं वाटतं आणि नंतर पुरळाचा वेगळाच त्रास मागे लागतो.

प्रश्न : वय ६३, शेती करतो. खालच्या ओठावर एका जागी खपली धरते, पडते, परत धरते. उन्हाळ्यापासून असंच आहे. दुखत नाही. तंबाखू आहे. तूप, हळद, लोणी लावून झालं. आणखी कोणता घरगुती उपाय?
— एक वाचक, सासवड

उत्तर : काका, यावर घरगुती उपाय मी सांगणार नाही. वर्षानुवर्षं उन्हात काम, त्यात तंबाखू, आणि खालच्या ओठावर एकाच जागी न भरणारी खपली, ही तिन्ही एकत्र आली की तपासून घ्यावंच लागतं. दुखत नाही म्हणून साधं असेल असं धरू नका. त्या जागेचा बारीक तुकडा भूल देऊन काढतात आणि तपासायला पाठवतात. काम थोड्या वेळाचं असतं, त्याच दिवशी घरी जाता येतं. ते उन्हामुळे झालेलं नुकसान निघालं तर त्यावर इलाज आहे. कॅन्सर निघाला तरी ओठाचा लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. म्हणूनच उशीर नको. खर्चाची अडचण असेल तर पुण्यात ससूनला त्वचारोग विभागाच्या ओपीडीत सकाळी या. येताना एखाद्या मुलाला-सुनेला सोबत आणा, आधीची काही औषधं असतील तर तीही पिशवीत घाला. तंबाखूची पुडी आजपासून बंद करा आणि याच आठवड्यात निघा.