पाच मिनिटं श्वासापाशी : वाचकांचे प्रश्न

रोज थोडा वेळ ध्यानाला बसायचं म्हणतात, त्याची सुरुवात कशी करावी, यावर आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. बाकीची बहुतेक पत्रं पहिल्याच प्रश्नाची वेगवेगळी रूपं आहेत, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर दिलं आहे.

डोळे मिटून बसते, पण मिनिटभरात दूधवाल्याचा हिशेब, उद्याच्या डब्याची भाजी असं सगळं सुरू होतं. मन रिकामं होतच नाही. मला हे जमणार नाही का? – गृहिणी, सांगली

मन रिकामं करायची अट तुम्हाला कुणी घातली? दूधवाल्याचा हिशेब चालला होता हे ज्या क्षणी लक्षात आलं, तो क्षण मोलाचा. लक्षात येणं आणि परत श्वासाकडे वळणं, सराव एवढाच असतो. पाच मिनिटांत असं वीस वेळा झालं तर वीस वेळा सराव झाला.

आता कृती. बसल्यावर आधी श्वास कुठे स्पष्ट जाणवतो ते पाहा. नाकपुड्यांच्या कडेला, छातीत किंवा पोटात, यांपैकी एक जागा निवडा आणि आठवडाभर तीच ठेवा. रोज जागा बदलली की शोधण्यातच वेळ जातो. श्वास बाहेर गेला की मनात ‘एक’, पुढच्याला ‘दोन’, असं दहापर्यंत मोजा आणि पुन्हा एकपासून सुरू करा. मध्येच आकडा हरवला तर आठवत बसू नका, सरळ एकवर या. कधी मोजणी सतरा-अठरावर गेलेली आढळेल. म्हणजे तोंडाने पाढे आणि डोक्यात बाजार, शाळेत व्हायचं तसंच. तिथूनही एकवर यायचं.

एक चूक मात्र जवळजवळ सगळ्यांकडून होते. लक्ष दिलं की श्वास आपोआप खोल, लांब घेतला जातो. मिनिट-दोन मिनिटं असा जोरकस श्वास चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. काहींना ती ‘अनुभूती’ वाटते! हा प्राणायाम नाही. श्वास आखूड असेल तर आखूड, अडखळत असेल तर अडखळत; आपण फक्त पाहायचं.

पहिले दोन आठवडे पाचच मिनिटं. एखाद्या दिवशी छान लागलं म्हणून पंचवीस मिनिटं बसाल, तर दुसऱ्या दिवशी तेवढंच बसायच्या धास्तीने आसन उचललंच जाणार नाही. पुढे दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवत पंधरापर्यंत नेलं तरी पुष्कळ झालं.

वय ६८. मांडी घातली की दहा मिनिटांत पाय बधिर होतो. दुपारी बसलं तर डुलकी लागते. – निवृत्त शिक्षक, अमळनेर

खुर्चीवर बसा. त्यात कमीपणा काही नाही. हात नसलेली, सपाट बैठकीची लाकडी खुर्ची उत्तम. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. पाठ टेकवायची तर कमरेशी घडी केलेला टॉवेल ठेवा, म्हणजे पोक येत नाही.

मांडीच घालायची असेल तर सतरंजीच्या घड्या करून चार बोटं उंची करा आणि ती फक्त बैठकीखाली घ्या, पायांखाली नको. गुडघे कमरेपेक्षा खाली आले की पाठ कमी श्रमात ताठ राहते. पाय बधिर होतो तो बहुधा नसेवर दाब येऊन. तशा पायावर झटकन उभं राहू नका, तोल जातो. आधी पाय पसरा, पावलं हलवा, मग भिंत धरून उठा.

डुलकीचं म्हणाल तर जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या. तरीही झोप आली तर डोळे अर्धवट उघडून समोर दोन-तीन हातांवरच्या फरशीवर नजर ठेवा. त्यानेही भागलं नाही तर तुम्हाला झोपेचीच गरज आहे, झोपा.

सकाळी ६.४० ची लोकल. वेळच मिळत नाही. अ‍ॅप घेतलं होतं, अकरा दिवस सलग केलं, बाराव्या दिवशी चुकलं आणि सुटलंच. – नोकरदार, डोंबिवली

अ‍ॅपची सलग दिवसांची मोजणी हीच त्याची खोड. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा बारावा दिवस गेला तर गेला.

वेळ घड्याळावर ठरवू नका, आधीच्या कामाला बांधा : दात घासून झाले की बसायचं, चहा त्यानंतर. फोन विमान मोडवर, पाच मिनिटांचा गजर, आवाज हळू. फोन आधी उघडला तर ती पाच मिनिटं निरोप वाचण्यात जातात, हे तुम्हाला माहीत आहेच.

लोकलमध्ये उभ्यानेही करता येतं. डोळे उघडेच ठेवा आणि तळव्यांवर येणारा भार, गाडीच्या हेलकाव्याबरोबर तो कसा सरकतो, याकडे दोन स्टेशनांपुरतं लक्ष द्या. दुचाकी चालवताना मात्र हे नको.

मी इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास जमलं नाही. आता पाच मिनिटांनी काय होणार? – नाशिक

सत्यनारायण गोएंका यांच्या विपश्यनेच्या परंपरेत शिबिराचे पहिले तीन दिवस ‘आनापान’ असतं, म्हणजे आत-बाहेर जाणारा श्वास पाहणं. तुम्हाला ते येतं, तेवढंच पाच मिनिटं करा.

खरं सांगायचं तर अपेक्षा बेताची ठेवा. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेला ध्यानाचा कार्यक्रम आठ आठवड्यांचा, घरचा सराव रोज सुमारे पाऊण तासाचा. त्याचे अभ्यासात दिसलेले फायदे पाच मिनिटांच्या नावावर खपवणं बरोबर नाही. पाच मिनिटांनी बैठक टिकते, आणि राग चढतोय हे थोडं आधी कळू लागतं.

श्वासाकडे लक्ष दिलं की छातीत धडधडतं, गुदमरल्यासारखं होतं. – विद्यार्थिनी, लातूर

मग श्वास सोडून द्या. काहींची घबराट श्वासाकडे पाहिल्याने वाढते. डोळे उघडे ठेवून पंख्याचा आवाज ऐका किंवा चाला : खोलीत दहा-बारा पावलं, टाच टेकली, पाऊल टेकलं, उचललं, एवढंच पाहत, टोकाला थांबून वळायचं. तीन मिनिटं पुरे. जुन्या आघाताच्या आठवणी वर येत असतील, झोप उडाली असेल तर हे बंद ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. औषधं चालू असतील तर ध्यानाच्या भरवशावर ती थांबवू नका. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं.